बस म्हटल्याशिवाय

पक्षाघात झाल्यापासून विल्मेटाच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. नॅशव्हिलच्या हॉस्पिटलात तिच्या खाटेपाशी आमची ओडेसा चुळबुळत उभी होती. कधी या पायावर, कधी त्या.

"बसा हो, जजबाई! कोर्टात सगळे तुमच्यासाठी उभे राहतात ना?" नर्स वैतागली.

"नाही बसायची ती," मी म्हटलं. "कॉलेजात आमचं भगिनीमंडळ होतं. त्यात विल्मेटा हिची मानलेली थोरली बहीण. थोरलीने 'बस' म्हटल्याशिवाय धाकटीने बसायचं नाही."

"अहो, साठी उलटली की तुमची!"

ओडेसाने विल्मेटाचा हात धरला. "ताई, पाय भरून आले गं. आता तरी म्हण ना!"

विल्मेटाचे वाकडे झालेले ओठ हलले.



"अजून नाही."