भावाचा स्कॅन

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी सख्ख्या धाकट्या भावाचा सीटी स्कॅन वाचला होता. छातीच्या हाडामागे, थायमस ग्रंथीत, बत्तीस मिलिमीटरचा गोळा दिसत होता. लहानपणची ग्रंथी आक्रसायची राहिली असेल, असं समजून त्यांनी रिपोर्टात ‘काळजीचं कारण नाही’ असं लिहिलं.

ती कॅन्सरची गाठ होती. भाऊ वर्षभरात गेला.

भावजय एवढंच म्हणाली, “ताई, परक्याचा असता तर नीट बघितला असता तुम्ही.”

तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत त्या तो स्कॅन उघडून गाठ मोजायच्या. स्वतःला शिक्षाच म्हणा ना.

रोज बत्तीस मिलिमीटर भरणारी गाठ सोमवारी चौतीस भरली. डोळे थकले असतील, म्हणून त्यांनी सोडून दिलं. गुरुवारी एक्केचाळीस. स्कॅनवरची तारीख मात्र दोन वर्षांपूर्वीचीच होती.

आज अठ्ठावन्न भरली. त्यांनी टेक्निशियनला हाक मारली. तो नवीन होता, त्याला भावाचं काही ठाऊक नव्हतं.

“जरा तुम्ही मोजून बघा.”

त्याने सावकाश मोजलं.

“एकसष्ट,” तो म्हणाला आणि पडद्याजवळ वाकला. “मॅडम, पेशंटला आजच बोलावून घ्या. आपण बघतोय तोवरच वाढतेय ही.”