समोरचा गडी

“पर समोरचा गडी हाय तरी कोण?” भरमूनं तिसऱ्यांदा विचारलं.

“हाय एक. बेळगावातलाच,” रघुवीर सर म्हणाले आणि चहात फुंकर मारली.

कॉलेजच्या व्हरांड्यात तिघं बसलती. भरमू, त्याची पोरगी रचना आणि तिला गो हा पटावरचा खेळ शिकवणारे रघुवीर सर. बाप-लेक लोंढ्याहून सकाळची गाडी धरून आलती, सर हितल्याच खासबागातनं थेट. थोड्या वेळात फायनल. जो जिंकंल तो कोरियाला जाणार, ओक ते-युनच्या शाळेत शिकायला, खुद्द त्याच्यासमोर बसून खेळायला.

हा ओक ते-युन भरमूच्या घरात आता पाव्हण्यासारखा झालता. रोज जेवताना पोरगी त्याचंच सांगायची. कुठल्याशा बेटावरच्या कोळ्याचं पोर. आठव्या वर्षी आईबापाला सोडून सोल शहराला गेलं, बाराव्या वर्षी प्रोफेशनल झालं, विशीत नऊ डान. म्हणजे त्याच्या वर पायरीच न्हाय. मग ओळीनं फायनल हरत गेला. लोक म्हणाले, संपला गडी. त्यानं तोंड उघडलं न्हाय, पुढच्या वर्षी अख्खी दुनिया पालथी पाडली.

भरमूला खेळातलं एवढंच कळायचं, की रेघांवर काळं-पांढरं दगड ठेवायचं आणि जागा घेरायची. “शेजाऱ्याचा बांध कोरायचा खेळ हाय,” असं तो गावात सांगायचा. पण घरातनं निघतानाच त्यानं बजावलतं, “हरलीस तर सोमवारपासनं उद्यमबागात. फौंड्रीत साहेबाला शब्द दिलाय मी.” रचनानं मान हलवलती, बास.

ती पाण्याची बाटली भरायला गेली तसा भरमू सरांच्या जवळ सरकला.

“सर, एक बोलू? त्या गड्याच्या कानावर घालून बघा की. लेकरू हाय म्हणावं, जरा हात ढिला सोड.”

सरांचा कप तोंडाजवळच थांबला. “ओकच्या बापानं हेच केलतं.”

“काय केलतं?”

“पोरगं लहान होतं. बापानं समोरच्याला मासळीची टोपली पोचवली आणि म्हणाला, हार. पोराला पटावरच कळलं. घरी येऊन जेवलं न्हाय. बापाशी बोलंना. हरलो असतो तर काय तरी शिकलो असतो, म्हणालं.”

पण भरमूला राहवतंय कुठं!

“त्या गड्यालाबी कोरियाला जायचं आसंल की.”

“जायचंय. वीस वर्षं तेच सपान बघतोय.”

“मग कशाला सोडतोय त्यो!”

“सोडूच नये. सोडलं तर पोरीचा अपमान हाय.”

“सर, तुमी नक्की कुणाच्या बाजूनं हाईसा?”

सर हसले. काय बोलायच्या आत घंटा वाजली.

दारात स्वराली नावाची कॉलेजातली पोरगी उभी होती, गळ्यात बिल्ला अडकवून. रचना आत गेली, तिच्यामागनं सर गेले. भरमू निघाला तसा स्वरालीनं हात आडवा केला. “काका, तुमी हितंच बसा. आईबाबांना आत सोडत न्हाईत.”

‘मास्तर लोकांचं बरं असतंय, कुठंबी वाट मोकळी,’ म्हणत भरमू परत बाकावर टेकला.

तास गेला, दुसरा गेला. स्वराली पाणी प्यायला बाहेर आली तसा तो उठलाच.

“काय चाललंय गं आत?”

“लई अवघड हाय काका. समोरनं एक दगड फुकट मिळंना झालाय.”

“रडती काय?”

“कोण, रचना? पटावरनं नजर काढली न्हाय तिनं. सगळी पोरं तिच्याकडंच बघत बसल्यात.”

भरमूची छाती शर्टात मावंना. “पोरगी कुणाची हाय!” मग एकदम भडकला, “आणि त्यो मेला! लेकराला असं पिळतोय. त्याला काय काळीज हाय का न्हाय?”

“काका, असं काय बोलताय?” स्वराली त्याच्याकडं बघतच राहिली आणि आत गेली.

भरमूला आठवलं, घरात पट नव्हता तेव्हा पोरगी फरशीवर खडूनं रेघा मारून चिंचोके आणि गजगे मांडायची. तो कामावरनं आला की लाथंनं सगळं बाजूला सारायचा. ती परत मांडायची. सगळं जिथल्या तिथं, बघून लिहिल्यासारखं. तेव्हा त्याला राग यायचा. आज त्यानं मोबाईल काढला आणि साहेबाला फोन लावला.

“साहेब, पोरगी सोमवारी येत न्हाय.”

“का रे? जिंकली काय?”

“अजून न्हाय.”

आणि ठेवून दिला.

दुपार कलायला लागली तसं दार उघडलं. आधी सर बाहेर आले. डोळे लाल, चष्मा हातात. भरमू पुढं धावला.

“गेली व्हय हातातनं?”

“जिंकली! अर्ध्या गुणानं जिंकली, भरमूअण्णा!”

भरमूनं सरांना कवेतच घेतलं. मग डोळं पुसत म्हणाला, “आणि त्यो गडी? त्याचं कोरिया चुकलं की.”

“चुकलं.”

“बोलवा त्याला. लई शिव्या घातल्यात मी. पण पोरीला लेकरू समजून सोडलं न्हाय त्यानं. पाया पडतो त्याच्या.”

तेवढ्यात रचना बाहेर आली. बापाकडं बघितलंबी न्हाय. सरळ सरांच्या पायावर डोकं ठेवलं आणि उठली ती कपाळाला आठ्या घालूनच.

“सर, खरं सांगा. खालच्या कोपऱ्यात तुमी एक दगड टाकला असता तर मी मेले असते. मुद्दाम सोडलासा न्हवं?”

“शपथ गं,” सर म्हणाले, आणि व्हरांड्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं हसले. “दिसलंच न्हाय मला!”