एकदम सहा भाकऱ्या
आठ दिवस केसरबाई एकच वाक्य घोकत होती: "औंदा माझ्याच्यानं व्हायाचं न्हाई." गाव ऊसतोडीला गेलं की मागे राहिलेल्या चाळीस लेकरांची शाळा बुडू नये, म्हणून बारा वर्षं तीच त्यांना भाकरी थापून घालत होती. आता मनगटं कामातून गेली होती. हे सांगायला पारावर पोचली, तर तिचाच सत्कार ठेवलेला. "काकू, समद्या टोळ्यांनी मोबाईलवर वर्गणी जमवली," मुकादम उत्तरेश्वर म्हणाला, "तुमचे उपकार फिटायचे न्हाईत, पर एवढं घ्या." त्याने कापड ओढलं. खाली गाडीच्या चाकाएवढा, एकदम सहा भाकऱ्या भाजणारा तवा होता. माईक तिच्या हातात आला. समोरच लेकरं बसलेली. तिने तव्याची कड धरून पाहिली. "ह्यो उचलाया दोघी लागत्याल," ती कशीबशी म्हणाली. मंडळी हसली, टाळ्या वाजल्या. त्या साऱ्या हातांत परवा कोयते असणार होते.