नावाखालची ओळ

“ही ओळ आता काढून टाक, हॅरिएट,” वॉशिंग्टनहून परतलेला नवरा छापखान्यात शिरताच म्हणाला.

वर्तमानपत्राच्या नावाखाली दर आठवड्याला तीच ओळ छापली जायची: ‘रेल्वे कंपनीला वीतभरही जमीन मिळणार नाही.’ संपादक असताना त्यानेच तिच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले होते. त्याच शब्दावर विसंबून गावाने त्याला अमेरिकन काँग्रेसवर निवडून दिलं. आणि तिथे त्याने अख्खा नदीकाठ कंपनीच्या घशात घालायला हात वर केला!

“तू जुळवलीस, तूच काढ,” ती म्हणाली. त्याचा हात निदान थरथरेल, एवढीच तिची आशा होती.

त्याने हातमोजे काढले आणि भराभर एकेक अक्षर उचलून लाकडी खणांत टाकलं. एकही अक्षर चुकीच्या खणात पडलं नाही.