चेटकिणीच्या वावरातला ससा

बार उडाल्यावर कोलमला कान दिसले. कोल्ह्याचे नव्हतेच ते. ससा होता आणि दगडी कुंपणाकडे लंगडत निघाला होता.

"मेलो," कोलम म्हणाला.

आंधळ्या घोडीच्या वावरात किंवा चुनाभट्टीच्या वावरात असं झालं असतं, तर त्याने सशाचा रस्सा करून खाल्ला असता. पण हे चेटकिणीचं वावर आणि आज एक मे. या सकाळी इथे येतो तो ससा नसतोच. सशाच्या रूपात शेजारपाजारचीच कुणी बाई दुसऱ्याच्या गाईचं दूध चोरायला आलेली असते. सशाच्या पायाला लागलं की ती बाई लंगडते. हे त्याला आईने सांगितलं होतं, आणि आई थापा मारणाऱ्यातली नव्हती. दूध गेलं खड्ड्यात! आपण एका बाईमाणसाला जायबंदी केलं!

तो घरोघर निघाला. दुकानवाली मिसेस टॅन्सी शिडीवर उभी राहून काच पुसत होती.

"जरा चालून दाखवता का?"

"सकाळी सकाळीच ढोसलीस का रे मेल्या?" म्हणत ती तरातरा उतरली. तिचे दोन्ही पाय ठणठणीत होते.

मग डेलियाचं घर. अगदी त्याच्या बांधाला लागून. नवरा गेल्यापासून ती एकटीच राहायची. ट्रॅक्टरवरून जाताना कोलम एक बोट वर करायचा, खिडकीतून तीही करायची. एवढीच काय ती ओळख.

दार उघडायला तिला वेळ लागला. भिंत धरून, डावा पाय ओढत ती आली.

कोलमने टोपी काढली. "डेलिया, चुकलो गं. मला वाटलं, कोल्हा आहे."

त्याने सगळं सांगितलं. मग त्याने तिच्या गाई पिळल्या, जळण आत आणून रचलं.

"माझ्या गाईंचं दूध हवं तेवढं ने," तो म्हणाला. "पण डॉक्टरकडे चल. फार दुखतंय का?"

डेलियाने त्याच्यापुढे चहा ठेवला.

"बस. दुखतंय. पण आजचं नाही रे हे. जानेवारीत गोठ्यापाशी बर्फावरून घसरले, तेव्हापासून लंगडतेय. दर रविवारी अख्खं गाव चर्चला जातं ते याच दारावरून." तिने साखर सरकवली. "विचारायला आलेला तू पहिला."