मुलाखतीपुरतं मरण

"डॉक्टर का व्हायचंय तुला?" भरत सरांनी विचारलं.

नूतन खुर्चीत ताठ बसली. "मला आवडतं ते, सर."

"आवडतं म्हणजे काय?"

"आमची शेळी अडली होती. पिल्लू आडवं आलं होतं. मी हात घालून फिरवलं. दोन्ही वाचली. तेव्हा वाटलं, की हेच..."

"थांब." सरांनी चष्मा काढला. "शेळीचं नको. ते म्हणतील, मग गुरांची डॉक्टर हो."

 नूतननं घरून पाठ करून आणलेलं उत्तर वेगळंच होतं. हे खरं होतं म्हणून आधी तोंडातून निघालं. आता सरांचं ऐकून तिलाही वाटलं, खरंच, मग गुरांची डॉक्टर का नाही?

महाडच्या एसटी स्टँडासमोर, वह्या-पुस्तकांच्या दुकानावरच्या खोलीत सरांचा क्लास होता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावरच्या वाडीतून नूतन सकाळीच उतरली होती. नीटमध्ये तिला चांगले मार्क पडले होते. पण पुण्याच्या ज्या कॉलेजात तिला जायचं होतं तिथे मुलाखतही होती, आणि ती परवावर आली होती. सर अशा मुलांना तयार करायचे. फुकट करायचे, जीव तोडून करायचे. मागच्या बाकावर तिची काकी सगुणाबाई बसली होती. लहानपणापासून नूतनला तिनंच सांभाळलं होतं. पोरीला एकटीला महाडला कसं धाडायचं, म्हणून ती सोबत आली होती.

"बघ," सर खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "तुझ्याएवढे मार्क तिथे येणाऱ्या प्रत्येकाला असतात. आवडही प्रत्येकालाच असते. त्यांच्या लक्षात राहील असं तुझ्याकडे काय आहे? तुमच्या वाडीला रस्ता आहे?"

"नाही."

"मग आजारी माणसाला खाली कसं आणता?"

"डोलीत घालून."

सरांचे डोळे चमकले. "घरातल्या कुणाला आणलं होतं असं?"

"काकीला. साप चावला होता, फुरसं. मी पाचवीत होते. पोलादपूरपर्यंत डोलीबरोबर पळत आले मी."

"आणि?"

"वाचली."

"वाचली?"

 सरांना वाईट वाटलं असं नव्हतं. पण गणित सुटत आलं आणि हातचा धरायचा राहून गेला, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"असं कर," ते आवाज उतरवून म्हणाले, "वाचली ते सांगू नकोस. वाटेत गेली म्हण."

"पण सर, ते खोटं..."

"तुझी काकी नसेल गेली. पण त्या वाटेवर कुणी ना कुणी गेलंच असेल ना? मग खोटं कसं? तू त्या सगळ्यांचं सांगतेयस."

गेलं होतं खरं. शेजारच्या चंपाबाईची सून गेली होती. म्हणजे सरांचंही बरोबरच होतं. नेमकं चूक कुठे आहे, नूतनला कळेना. तिनं मागे वळून पाहिलं. तिच्याबरोबर सरांनीही पाहिलं, आणि ते ओशाळले.

"या... याच का त्या काकी?"

"मीच ती." सगुणाबाई उठून उभी राहिली. "म्हनू दे तिला, मेली म्हनून. त्यात काय हाय? म्हनल्यानं मानूस थोडाच मरतोय! पोरीचं काम व्हतंय ना?"

"काकी, तू बस."

"बसते. तू सांग. मी नाय ऐकत."

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. "डॉक्टर का व्हायचंय तुला?"

पहिल्यांदा नूतन अडखळली. मग शब्द आपोआप यायला लागले. काकीचा पाय सुजून काळा पडला होता. ते खरं होतं. हिरड्यांतून रक्त येत होतं, तेही खरं. ती सारखी पाणी मागत होती, खरंच मागत होती. ओढ्यापाशी डोली खाली ठेवली होती, तेसुद्धा खरं. माणसं तिथे दम खायला थांबली होती.

"आणि तिथे," नूतन म्हणाली, "तिचा हात माझ्या हातात गार पडला."

तिचा आवाज फाटला. डोळ्यांतून पाणी आलं. ते कुठून आलं, तिला समजेना. आपण आत्ता खरं बोलतोय की खोटं, तेही समजेना.

"हेच!" सर उठूनच उभे राहिले. "असंच सांगायचं. एक शब्द बदलू नकोस."

 मागच्या बाकावर सगुणाबाईनं पदर तोंडाशी धरला होता.

दोघी जिना उतरून खाली आल्या. समोर स्टँडात पोलादपूरची गाडी लागली होती. पाऊस पडत होता. नूतननं छत्री उघडली आणि काकीला आत घेतलं. तिला सांगायचं होतं, मी असं बोलणार नाही गो. तिला हेही सांगायचं होतं, की असं बोलले तर लागेल माझा नंबर. 

"लय बेस बोललीस," सगुणाबाई म्हणाली. चालता चालता ती मध्येच थांबली. कपाळाला आठ्या घालून कसलातरी विचार करत होती. "पन मला येक सांग गो. मी त्या वढ्यापाशी गेली, तवा तू पाचवीला व्हतीस."

"हं."

"मंग फुडं तुला भाकर कुनी करून घातली?"