वेग ठीक

वेगाचा काटा शून्यावर होता आणि विमान ढगात शिरलं होतं.

कॅप्टननी काचेवर टिचकी मारली. काटा ढिम्म हलला नाही. इंजिन नेहमीसारखं घरघरत होतं, उंची वाढत होती. पण काट्याच्या मते हे सहा आसनांचं विमान जागच्या जागी उभं होतं. बाहेर नुसतं पांढरं. ताळा घ्यायला एक झाड दिसेना, की पाण्याची रेघ दिसेना.

शेजारी डॉक्टर बसल्या होत्या. दर मंगळवारी त्या लसींची पेटी मांडीवर घेऊन बेटावरच्या दवाखान्यात जायच्या आणि चाकं उचलायच्या आत डुलक्या काढायला लागायच्या. अकरा वर्षं त्यांना नेणारे कॅप्टन गमतीने म्हणायचे, तुम्हीच काय, मीही झोपलो तरी आपण पोचू. आज मात्र डॉक्टर टक्क जाग्या होत्या.

"आपण पुढे जातोय ना?" त्यांनी विचारलं.

कॅप्टन 'हो' म्हणाले. तो आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही. धावपट्टीवर सुटतानाच हा काटा बघायचा असतो. त्या वेळी 'वेग ठीक' असं आपण मोठ्याने म्हणालो, हे त्यांना पक्कं आठवत होतं. काटा कुठे होता, ते आठवत नव्हतं.

त्यांनी टॉवरला परत येतोय म्हणून कळवलं. मग काट्याचा नाद सोडला, नाक समोरच्या यंत्रातल्या क्षितिजाच्या रेघेवर धरलं आणि इंजिनाच्या आवाजाच्या अंदाजाने विमान वळवायला घेतलं. अर्ध्या वळणावर ते अंगात हुडहुडी भरल्यासारखं थरथरलं. वेग पार कमी झाला होता. कॅप्टननी नाक खाली दाबलं, इंजिन वाढवलं. थरथर थांबली. डॉक्टरांनी पेटी छातीशी घट्ट धरली.

ढग संपला तेव्हा धावपट्टी समोर होती. विमान जोरात टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं आणि पार टोकाला जाऊन थांबलं.

म्हातारा मेकॅनिक धापा टाकत आला. पंखाखाली वाकून त्याने तिथल्या बारीक नळीवरचं लाल टोपण उपसलं. वेग मोजण्यासाठी बाहेरची हवा या नळीतून आत जाते. उड्डाणाआधी ते टोपण काढायचं असतं. लांबून दिसावी म्हणून लावलेली त्याची फीत वाऱ्याने फाटून चिंध्या झाली होती.

"हे कसं राहिलं?" कॅप्टननी विचारलं.

"साहेब, सकाळी तुम्ही इथंच उभे होतात. याला हातही लावलात. मी म्हटलं, टोपण राहिलंय. तुम्ही म्हणालात, बघितलं." म्हाताऱ्याने मान खाली घातली. "तुम्ही बघितलं म्हणालात, मग मी कशाला बघू?"

कॅप्टनना यातलं काही म्हणता काही आठवेना. म्हातारा खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता.

ते परत विमानात चढले आणि सीटमागून तपासणीची वही काढली. आजच्या पानावर 'टोपण काढले' याच्यापुढे बरोबरची खूण होती. त्यांच्याच हातची. त्यांनी कालचं पान उघडलं. मग परवाचं.

डॉक्टर दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मागच्या मंगळवारी तरी काढलं होतंत?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

कॅप्टन पानं उलटत राहिले. सगळ्या खुणा सारख्याच उंचीच्या होत्या, सारख्याच तिरक्या. वर्षभराच्या सगळ्या सकाळी कुणीतरी एका बैठकीत उरकून टाकल्यासारख्या.